हिराजीच्या पाण्यावर

परवा तुर्भ्याला एका लग्नाला निघालो होतो. शिवडीच्या किल्ल्यासमोरून आमची आगबोट सरळ दणदणत निघून गेली. वेग कमी केला नाही, घंटी दिली नाही, काही नाही. माझ्या डोक्यात तिडीकच उठली. बोट हाकणाऱ्या सारंगाच्या खोलीकडे पाहिलं, तर एक तरणाताठा मुलगा विडी ओढत चाकावर उभा होता आणि त्याच्या डोक्यावर काचेच्या चौकटीत त्याचं सर्टिफिकेट टांगलेलं होतं. त्या बिचाऱ्याचा काय दोष? त्याला कुणी सांगितलेलंच नाही. पण राग काय दोष बघून येतो?

शेजारी सूनबाई बसली होती. माझा चेहरा बघून तिने विचारलं, "बोट लागतेय का हो सासूबाई? लिंबू देऊ?"

कोळ्याच्या पोरीला बोट लागणार! पण सून दादरची, ब्लॉकात वाढलेली. पाणी तिला नळाचं माहीत. मी म्हटलं, "लिंबू नको, जरा गप्प बस." मग माझं मलाच वाईट वाटलं आणि तिला थोडक्यात सगळं सांगितलं. माझा भाऊ इथे गेला. माझ्या बाची सारंगाची परीक्षा इथेच फसली, कारण तो इथे थांबला. सुनेने नीट ऐकून घेतलं आणि डोळे मोठे करून म्हणाली, "अय्या, मग साहेबाला सांगून टाकायचं ना!"

तुर्भं येईपर्यंत मी तिच्याशी बोलले नाही.

सांगून टाकायचं! परळच्या मुलींच्या शाळेत मी उभा जन्म शिकवलं, परीक्षा घेतल्या, नापासही केलं. परीक्षा वाईट असते असं मी म्हणत नाही. पण ज्याच्या हाती माणसं सोपवायची त्याला तपासताना तपासणाऱ्याला काय दिसत नाही, ते मी एकदा समोरून पाहिलं आहे. त्याला आता चाळीसेक वर्षं झाली असतील. राग अजून उतरलेला नाही आणि तो उतरावा असं मला वाटतही नाही.

प्लेग यायच्या आधीचे ते दिवस. शीवचा आमचा कोळीवाडा तेव्हा खाडीला धरून होता. पूर्वेला मिठागरं. उन्हं चढली की तिकडे डोळे उघडे ठेवून बघवत नसे. ओहोटीला खाडीचा चिखल उघडा पडे आणि त्याचा जड, थोडा गोडसर वास घराघरांत शिरे. अंगणात बांबूंच्या वलांड्यांवर बोंबील वाळत टांगलेले असायचे, त्यांच्याखालून वाकून जावं लागे आणि केसांना खारट पाणी लागे. सकाळी बायका पाट्या भरून परळ-लालबागकडे निघाल्या, की त्यांच्या बांगड्यांचा आणि भांडणांचा आवाज बांधाबांधाने दूर जाई. गिरण्या तिकडे भोंगे देत, पण आमचा दिवस भोंग्यावर नव्हता, तो भरतीवर होता.

आमच्या घरात मात्र आणखी एक वास होता, कोळशाचा. माझा बा होडीवरचा राहिला नव्हता. तो बंदरातून तुर्भ्याकडे जाणाऱ्या आगबोटीवर सुकाणी होता, म्हणजे सारंगाच्या हाताखाली चाक धरणारा. त्याच्या सदऱ्याला तेल आणि धूर यायचा. आये तो सदरा दगडावर आपटताना रोज पुटपुटायची, "मासली मेली तरी धुतल्यावर वास जातो, या कोलशाचा जात नाय." पण कुणी बाला 'धूरखाव' म्हटलं की हीच आये पदर खोचून त्यांच्या दारात उभी राहायची.

हिराजी माझा थोरला भाऊ. तो मात्र होडीवरचा. त्याची होडी खाडीत शिरली की तो दोन बोटं तोंडात घालून शीळ घालायचा. ती ऐकून आये चुलीवर तवा ठेवी. तो आला की कमरेच्या फडक्यातून कालवं काढून माझ्या ओच्यात टाकायचा आणि म्हणायचा, "फोड. बोट कापलास तर माज्याकडे येऊ नको." बोट कापायचंच, आणि मी त्याच्याकडेच जायची. कालवाच्या पाण्याची चव अजून जिभेवर आहे. एरवी त्याचं वागणं काही फार गोड नव्हतं. मला शाळेत घालायला त्याचाच विरोध होता, आणि मग मी वाचलेलं ऐकायला त्यालाच सगळ्यांत आधी बसायचं असे.

तो कसा गेला ते मी लिहिणार नाही. शिवडीच्या किल्ल्यासमोर गेला, एवढं पुरे. होडी सापडली, तो सापडला नाही.

आमच्या आळीत तेव्हा एक रीत होती. जो सापडला नाही, त्याचं ते पाणी. घरच्या माणसाने त्या पाण्यावरून जोराने जायचं नाही. शीड उतरवायचं, वल्ही वर घ्यायची, त्यांचं पाणी गळू द्यायचं आणि होडीला आपल्या अंगाने पुढे जाऊ द्यायचं. बोलायचं नाही. परक्याला तर सांगायचंच नाही, निदान पाण्यावर असेपर्यंत नाही. का नाही, ते कुणी मला समजावलं नाही आणि मीही विचारलं नाही. घरात झोपलेल्या माणसाजवळून आपण पाय न वाजवता जातो, तेव्हा कुठे कुणाला कारण विचारतो?

आता आगबोटीला शीड कुठलं आणि वल्ही कुठली! पण आगबोटीचे तेव्हाचे सारंग म्हातारे होते, रत्नागिरीकडचे मुसलमान, आणि त्यांची स्वतःची दोन माणसं पाण्यात राहिलेली. किल्ला समोर आला की ते बाच्याकडे न बघता खाली इंजिनवाल्याला घंटी द्यायचे. इंजिन थांबायचं. धडधड एकदम बंद झाली की पाण्याचा चुबुकचुबुक आवाज ऐकू येई. बा चाकावरचा एक हात काढून खाली सोडायचा. बोट आपल्या अंगाने चार हात सरकली की परत घंटी. उतारूंना वाटायचं, इथे गाळ असेल. कुणाचं काही अडलं नाही, कुणाला उशीर झाला नाही.

मग म्हातारे सारंग थकले आणि गावी गेले. जाताना कंपनीच्या लोकांना सांगून गेले की बोट या कोळ्याच्या हाती द्या. कंपनीची ना नव्हती. पण कायदा झालेला होता. बंदराच्या कचेरीत परीक्षा दिल्याशिवाय कुणाला सारंग होता येत नव्हतं. बा पास झाला तर ती बोट त्याची. नाही झाला तर कुणीतरी सर्टिफिकेटवाला येणार, आणि बा त्याच्या हाताखाली चाक धरणार. तो नवा माणूस शिवडीसमोर घंटी देणार की नाही हे त्याच्या मर्जीवर. आमच्या घरात ही गोष्ट कुणी बोलून दाखवली नाही, पण पगाराचा विचार तिच्यानंतर होता हे सगळ्यांना माहीत होतं.

नियमांचं मराठीत छापलेलं एक पातळ पुस्तक मिळालं. बाला अक्षर येत नव्हतं, म्हणून मी वाचायची. चिमणीच्या उजेडात मी एकेक नियम म्हणे, बा डोळे मिटून तो मागे म्हणे आणि आये कोपऱ्यात करंदी सोलत बसलेली असे. छापील भाषा बाच्या तोंडी विचित्र वाटायची. 'सबब', 'सदरहू', 'उजवे बाजूस वळवावी'. मी हसले की तोही हसायचा. हिराजी गेल्यावर आमच्या घरात झालेलं ते पहिलं हसू.

परीक्षेला साहेब होता. पूर्वी कधीतरी मोठ्या जहाजाचा कप्तान असलेला, आता बंदरावर परीक्षा घेणारा. त्याच्याबरोबर गिरगावातले एक कारकून असत, दुभाषाचं काम करायला. पहिल्या दिवशी डोळ्यांची तपासणी झाली. टेबलावर लोकरीचे रंगीत गुंडे टाकलेले, ते ओळखायचे. तांबडा, पिवळा, सगळं नीट झालं. मग साहेबाने एक गुंडा उचलला.

"हा कुठला रंग?" कारकुनांनी विचारलं.

"बांगड्याची पाठ," बा म्हणाला.

"अरे, हिरवा की निळा ते सांग."

"बांगड्याची पाठच हाय ती. बघा की."

कारकुनांनी हसू दाबून काहीतरी इंग्रजीत सांगितलं. साहेबाने मान हलवली आणि पुढचा गुंडा उचलला. संध्याकाळी घरी ही गोष्ट सांगताना बा खुशीत होता. मी मात्र तेव्हाच चिडले होते. बांगड्याच्या पाठीला दुसरा रंग नाहीच मुळी. हिरवा की निळा म्हणे!

मग प्रत्यक्ष बोटीवरची परीक्षा. चैत्र असावा, कारण बोंबलांचा हंगाम उतरला होता. त्या दिवशी मी तिथे नव्हते. जे कळलं ते पोशाकडून. पोशा आमच्याच आळीतला, त्या आगबोटीवर खलाशी. संध्याकाळी तो आमच्या ओट्यावर बसला आणि खाली बघत सगळं सांगत गेला. बा आत भिंतीकडे तोंड करून पडला होता.

साहेब खुर्ची टाकून बाच्या मागे बसला होता. बोट धक्क्यापासून काढणं, वळवणं, नांगरलेल्या गलबतांमधून नेणं, सगळं बाने केलं. साहेब अधूनमधून 'ठीक' म्हणत होता. मग भर पाण्यात साहेबाने एक रिकामं लाकडी पिंप उचललं, बोटीबाहेर टाकलं आणि ओरडला, "आदमी गिरा!"

हीसुद्धा परीक्षाच. पाण्यात माणूस पडला असं धरून चालायचं आणि त्याला वाचवायचं. पोशा म्हणाला, बाचा चेहरा क्षणभर पांढरा झाला. पण पुढच्या क्षणी त्याने घंटी दिली, बोट वळवली, वारा आणि ओढ बघून पिंपाच्या वरच्या अंगाला आणली आणि पोशाला आकडी टाकायला सांगितलं. पिंप वर आलं. साहेब खूश झाला. खिशातलं घड्याळ काढून कारकुनांना दाखवलं आणि म्हणाला, बहुत अच्छा.

एका पिंपाला वाचवल्याबद्दल माझ्या बाला शाबासकी मिळाली! पोशा हे सांगत होता तेव्हा आये भाकरी थापत होती. तिचा हात थांबला नाही. मी मात्र दातांवर दात दाबून बसले होते. मुलगा गेलेल्या बापासमोर पिंप टाकून 'माणूस पडला' म्हणून ओरडायचं, हे त्या साहेबाला ठाऊक नव्हतं हे मला कळतं. कळून काय करू? राग कळण्याने जात नाही.

आणि परत येताना शिवडीचा किल्ला समोर आला.

बाने घंटी दिली. इंजिन थांबलं. बाने एक हात खाली सोडला. बोट आपल्या अंगाने सरकू लागली. साहेब खुर्चीतून उठला. त्याने पुढे पाहिलं, मागे पाहिलं, बाजूला वाकून पाण्यात पाहिलं. मग म्हणाला, "क्यों रोका? इधर कौन गिरा है?"

पोशाने हे वाक्य सांगितलं आणि तो रडायला लागला. मोठा दांडगा माणूस, ओट्यावर बसून गुडघ्यात डोकं घालून रडत होता.

बा बोलला नाही. पाण्यावर होता ना! कारकुनांना काहीतरी उमगलं असावं. ते जवळ येऊन हळूच म्हणाले, "अरे बाबा, काहीतरी कारण सांग. इंजिन तापलं म्हण. मी साहेबाला तसं सांगतो."

बा म्हणाला, "इंजिन नाय तापला."

मग घंटी देऊन त्याने बोट पुढे घेतली. धक्क्याला लागल्यावर साहेबाने शेरा दिला. हा मनुष्य कारण नसताना भर वाटेत इंजिन बंद करतो आणि विचारलं तर उत्तर देत नाही. याच्या हाती उतारू देता येणार नाहीत. पावसाळ्यानंतर पुन्हा यावं.

कारण नसताना! हा शब्द मी किती दिवस चावत होते. कोळीवाड्यातलेही बोलायला आले. कुणी म्हणालं, एक दिवस नसता थांबला तर काय झालं असतं? कुणी म्हणालं, साहेबाचे पाय धरायचे. मी सगळ्यांना उलट बोलत सुटले, अगदी मोठ्यांनाही. आयेने मला एकदा दटावलं, पण तिच्या दटावण्यात जोर नव्हता.

मला राग कुणाचा येत होता? साहेबाचा तर होताच. तो थांबलेली बोट बघू शकला आणि थांबलेला माणूस नाही. कारकुनांचा होता, कारण त्यांना कळलं आणि त्यांनी खोटं सुचवलं, खरं विचारलं नाही. आणि बाचाही होता. धक्क्यावर उतरल्यावर तरी सांगायचं होतं. जमिनीवर बोलायला कुणाची बंदी होती? हे मी एकदा बाला बोललेच. तो जाळं विणत होता. (आगबोटीवरचा असला तरी जाळं विणायचं त्याने सोडलं नव्हतं.) मान वर न करता म्हणाला, "सांगून काय झाला असता? साहेबानं माजा पोरगा बघून मना पास केला असता. हिराजी काय मी त्याचे टेबलावर ठेवू?"

सूनबाई, हे तुझं उत्तर. परवा लग्नाच्या गडबडीत द्यायचं राहून गेलं.

तो पावसाळा मला वासांनी आठवतो. भिजलेल्या शेणीचा धूर. माडीवर गुंडाळून ठेवलेल्या जाळ्यांचा कुबट वास. खाऱ्या मासळीच्या मडक्याचं झाकण काढलं की सगळ्या घरभर पसरणारा वास, ज्याने माझ्या शाळेतल्या ब्राह्मण बाई नाक दाबायच्या आणि ज्याने माझ्या तोंडाला अजून पाणी सुटतं. समुद्र बंद, होड्या उलट्या घालून शाकारलेल्या. आणि रोज संध्याकाळी तेच पातळ पुस्तक. या वेळी बा हसत नव्हता. मी वाचायची, तो म्हणायचा, आये बसून ऐकायची. नवा सर्टिफिकेटवाला सारंग तेवढ्यापुरता आगबोटीवर आला होता. तो शिवडीसमोर घंटी देत नसे. बा चाकावरून हात खाली सोडे तेव्हा तो खेकसायचा, "दोन्ही हात चाकावर ठेव."

नारळी पौर्णिमा झाली, दसरा झाला, आणि परीक्षेचा सांगावा आला. त्या संध्याकाळी आयेने बाला वाढता वाढता सांगितलं, "या टायमाला तुमी नका थांबू. सरल निघून या."

बाने तिच्याकडे पाहिलं.

"पोराची समजूत मी घालीन," ती म्हणाली. "बोट आपले हातात आली की मग रोज थांबा. कोन इचारतो?"

"बरं," बा म्हणाला, आणि जेवू लागला.

मला इतका राग आला की मी ताटावरून उठले. म्हणजे शेवटी साहेब जिंकला! आपल्याच घरात, आपल्याच आईच्या तोंडून. मी रात्रभर आयेकडे पाठ करून झोपले.

सकाळी तिने मला हलवून उठवलं. बा आधीच बंदराकडे गेला होता. आयेने लुगडं घट्ट खोचलं होतं, डोक्याला फडकं बांधलं होतं. म्हणाली, "चल, होरी काढायची हाय." कसली होडी, कुठे, काही नाही. खाडीत अजून पाणी होतं, चिखल उघडा पडायच्या आत निघायला हवं होतं. हिराजीची होडी. तो गेल्यापासून ती कुणी पाण्यात घातली नव्हती. आयेने आणि मी ती ढकलली. लाकूड वाळून फटी पडल्या होत्या, थोडं पाणी आत येत होतं. मी ते करवंटीने उपसत होते आणि आये वल्हवत होती. बायकांनी होडी हाकायची आमच्यात पद्धत नव्हती, पण येत सगळ्यांना होतं. मिठागरांच्या बांधांवरून बगळे उठत होते. वारा मागून होता. खाडीच्या तोंडाशी आयेने शीड चढवलं.

शिवडीचा किल्ला समोर आला तशी मी रीतीप्रमाणे शीड उतरवायला उठले. आये म्हणाली, "ऱ्हाऊ दे."

"आये, हे त्याचं पाणी हाय."

"ऱ्हाऊ दे म्हनते ना. शीर वरच पायजेल."

तिने होडी वाऱ्याला तिरकी धरली, थोडी पुढे घ्यायची, थोडी मागे, पण त्या जागेवरून हलू द्यायची नाही. ऊन वर आलं. माझ्या तोंडाला कोरड पडली. ती काय करतेय ते मला कळेना आणि विचारायची सोय नव्हती.

मग बंदराकडून धूर दिसला.

आगबोट सरळ आमच्यावर येत होती. चाकावर बा उभा दिसला, त्याच्या मागे पांढऱ्या टोपीतला साहेब, बाजूला कारकून. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. पावसाळाभर मी चिमणीशी बसून वाचलेला नियम! आगबोट आणि शिडाची होडी समोरासमोर आल्या, तर शिडाच्या होडीने आपली वाट सोडायची नाही. वेग कमी करायचा, गरज पडली तर थांबायचं, ते आगबोटीने. साहेबाच्या सरकारचाच नियम तो. आये करंदी सोलताना तो ऐकत होती.

बाने आम्हाला पाहिलं. हिराजीची होडी त्याने धुरातसुद्धा ओळखली असती. घंटी ऐकू आली आणि इंजिन थांबलं.

सगळीकडे शांत झालं. आगबोट आपल्या अंगाने सरकत सरकत आमच्या जवळ आली. बाचा हात खाली होता. आये होडीत उभी राहिली. तिने पदरातून काहीतरी काढून पाण्यात सोडलं. काय होतं ते मला दिसलं नाही, मी बाच्याकडे बघत होते.

साहेब मात्र उठून कठड्यावर आला होता आणि ओरडत होता. "हटाव! अंधी है क्या औरत? जाव, जाव यहाँ से!" त्याने हातातली काठी कठड्यावर आपटली. आणखीही बरंच बोलला, ते इथे लिहिण्यासारखं नाही. ज्या पाण्यावर आम्ही श्वाससुद्धा जपून घेत होतो, त्या पाण्यावर तो माणूस माझ्या आईला शिव्या देत होता. माझ्या बाला ते मुकाट ऐकावं लागत होतं. त्याचा जबडा हलताना मला दिसला. कारकून साहेबाकडे बघत नव्हते, ते आयेकडे बघत होते. त्यांनी डोक्यावरची पगडी काढून हातात घेतली होती. आये साहेबाच्या अंगावरून पलीकडे, किल्ल्याकडे बघत उभी होती. तिने त्याला एका नजरेचीही किंमत दिली नाही. मी मात्र त्या लाल तोंडाकडे इतकं रोखून पाहिलं, की आज ते दारात आलं तरी ओळखेन.

मग तिने शिडाची दोरी ओढली, होडी बाजूला झाली, घंटी वाजली आणि आगबोट गेली. तिच्या लाटेने आमची होडी कितीतरी वेळ हलत होती.

बा पास झाला. साहेबाने शेरा दिला म्हणे, की समोर एक मूर्ख बाई होडी घेऊन आडवी आली असताना या मनुष्याने नियमाप्रमाणे आणि धीराने बोट थांबवली. पोशा हे सांगताना हसत सुटला होता. आळीतले सगळे हसत होते. मला हसू आलं नाही. एका वर्षात साहेबाने माझ्या बाला दोनदा तपासलं. तीच जागा, तीच घंटी, तोच खाली सोडलेला हात. एकदा नापास आणि एकदा पास. दोन्ही वेळा त्याला काही दिसलं नाही. आणि त्याचा कागद आम्ही घरात देवाजवळ ठेवला!

संध्याकाळी माणसं गेली. आयेने बाला पाटावर बसवलं आणि भात वाढला, वर सुक्या बांगड्याचं कालवण. तो जेवेना. भातात बोटं घालून बसून राहिला. मला वाटलं, शिव्यांचा विचार करतोय. मग तो म्हणाला, "तू कनाला आलीस तिथं? शिव्या खायला?"

आयेने चुलीतलं लाकूड मागे ओढलं.

"तुला 'बरं' म्हनलो व्हतो, ते खोटा व्हता. मी थांबनारच व्हतो."

आयेने कालवणाची पळी परत भांड्यात बुडवली, त्याच्या भातावर ओतली आणि म्हणाली, "मना ठावं व्हता. म्हनून तं आले. आता जेवा."